सलग पान

४ मे
रिटायरमेंटनंतरचे संकल्प. एक: पुस्तक लिहायचं. दोन: ते कागदावर लिहायचं नाही.

सगळा जन्म विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करण्यात गेला. भिजलेले कागद पाहिले, जळालेले पाहिले, वाळवीने खाल्लेले पाहिले. कागदावरचा माझा विश्वास उडालेला आहे. लायब्ररीतून एक जाडजूड पुस्तक आणलंय. त्यात लिहिलंय की भूर्जाच्या सालीवर लिहिलेलं शेकडो वर्षं टिकतं. जुन्या काळी वैद्यकापासून गणितापर्यंत सगळं लोक त्यावर लिहून ठेवत. आणि आमच्या अंगणात, घराला अगदी खेटून, भूर्जाचं झाड! पांढरंफटक, दोन मजले उंच. इतकी वर्षं मी त्याला नुसतं झाड समजत होतो.

हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली की बाथरूमचा नळ गळतोय, आधी तो बघा.

(ही डायरी कागदावर आहे, कारण ती टिकायची काही गरज नाही.)

९ मे
वाचन जोरात. साल कशी काढावी, कधी काढावी, किती खोल जावं यावर एक अख्खं प्रकरण आहे. वरवर चाळलं. मी फील्डवरचा माणूस, मला असल्या गोष्टी हाताला कळतात. एका ठिकाणी लिहिलंय की ही साल ओली असली तरी झटकन पेटते आणि डोंगरातले लोक तिच्यावर चूल पेटवतात. ज्यावर ग्रंथ लिहायचे त्याने चूल! कपाळाला हात लावला.

१८ मे
ही बहिणीकडे गेलेली. संधी साधली.

पुस्तकातल्या चित्रांत लहान लहान पानं जोडून लांब पट्टी केलेली दिसते. जोड कशाला हवा? झाड गोल आहे. छातीच्या उंचीवर कटरने एक गोल चीर, गुडघ्याच्या उंचीवर दुसरी, मध्ये एक उभी. साल कोट काढावा तशी निघाली. सलग! इतका आनंद प्रमोशनच्या दिवशीही झाला नव्हता.

पण निघालेलं पान फार पातळ. टिकाऊपणासाठी जाडी हवीच. खाली तपकिरी, ओलसर थर होता. तोही पटाशीने खरवडून काढला, पार पांढऱ्या लाकडापर्यंत. गोडसर वास आला. दुपारपर्यंत तो उघडा पट्टा नारिंगी झाला आणि त्यातून पाणी झिरपायला लागलं. झाडं अशी करतातच.

शेजारचे मास्तर कुंपणापाशी येऊन विचारून गेले की हे औषधासाठी का. संशोधनासाठी, असं सांगितलं.  ते आत गेले आणि त्यांनी त्या बाजूची खिडकी लावून घेतली. रिटायर्ड शाळामास्तर, दुसऱ्याचा उत्साह त्यांना बघवत नाही.

१९ मे
पट्ट्यावर गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधलं. हिने विचारलं हे काय. मुंग्या लागल्यात, म्हणालो.

मग हिने ती जुनी गोष्ट सांगितली. लेक झाली त्या वर्षी हे रोप हिने बसमध्ये मांडीवर धरून आणलं होतं. वाटेत गर्दीत कुणाचा धक्का लागू नये म्हणून सगळा रस्ता हात आडवा धरून बसली होती. दोनदा विचारलं की झाडाला काही होणार नाही ना. मी सांगितलं की साल म्हणजे झाडाची नखं, कापली की पुन्हा येतात. हे कुठे वाचलं ते आठवत नाही, पण पटण्यासारखं आहे.

२७ मे
पान सरळ राहत नाही. दोन्ही टोकांनी गुंडाळी होते. त्यावर शब्दकोश ठेवले, पाटा ठेवला, शेवटी मी स्वतः बसलो. दुपारभर बसलो. उठल्याबरोबर ते पुन्हा गुंडाळलं, आणि या वेळी जरा जास्तच घट्ट.

इस्त्री हा माझा स्वतःचा शोध. धूर आला, मग लहानशी ज्योत. पानाची एक कड आणि इस्त्रीच्या टेबलावरची चादर गेली.  हिने घरातल्या खिडक्या सगळ्या उघडल्या.

१२ जून
शाई. बदामाची टरफलं जाळून त्याची पूड पाण्यात उकळायची. हिची दुधाची पातेली घेतली. शाई छान झाली. पातेलीचं आता काही होणार नाही.

३० जुलै, दुपार
श्रीगणेशा केला! जळक्या कडेकडून दोन लहान पानं कापून घेतली आणि पहिल्यावर पुस्तकाचं नाव लिहिलं: ‘पाहणी’. शाई जरा फुटली. सालीवर त्या आडव्या काळ्या रेघा असतात ना, तिथे पेन अडखळतं. तरी नाव झालं म्हणजे मोठंच काम झालं.

लेकीचा फोन. तिला सांगितलं की तीन प्रकरणं डोक्यात तयार आहेत. तिला वाटलं लिहून तयार आहेत. दुरुस्ती करणार इतक्यात तिने बातमी दिली. मार्चमध्ये मी आजोबा होणार!

फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडलो. नळ अजून गळतोय. रडण्याच्या आवाजाला त्याचा उपयोगच झाला.

लेक बाळंतपणाला इकडेच येणार. पाळणा तिच्याच खोलीत ठेवायचा म्हणते, झाडाच्या खिडकीपाशी. तिच्या आणि त्या झाडाच्या वयात जेमतेम तीन आठवड्यांचा फरक.

नवा संकल्प: पुस्तक नातवंडाला अर्पण करायचं. ते मोठं होईल, म्हातारं होईल, पान तसंच राहील.

९ ऑगस्ट
झाडाची पानं पिवळी पडायला लागली. थोडीच. वरच्या बाजूची. हिने विचारलं, सांगितलं की ऊन फार आहे यंदा. ही म्हणाली की बागेतले भूर्ज तर हिरवेगार आहेत. बागेला नगरपालिकेचं पाणी आहे, त्यांची बरोबरी कशी करणार?

झाडाला बादल्या भरभरून पाणी घातलं. थोडं गोणपाटावरही ओतलं. आतला भाग ओलसर राहिलेला बरा.

२ सप्टेंबर
मेहुणी आली. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. म्हणजे आलं का लक्षात? हिने मुद्दाम चहा अंगणात ठेवला. मी खुर्ची नेऊन थेट झाडाला टेकवली आणि गोणपाटाला पाठ लावून बसलो. दोन तास. पाठीला गारवा लागला, शर्ट ओला झाला, उठलो नाही. मेहुणीने विचारलं की गोणपाटात काय आहे. पाठदुखीसाठी टेकण, म्हणालो. तिने वर फांद्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. बिस्किट घेतलं नाही.

नंतर दोघी बहिणी भांडी घासायला गेल्या. कप सहाच होते. नळ कितीतरी वेळ चालू होता. (स्वयंपाकघरातला. तो चांगला आहे.) मी जरा पडलो.

उठून बघतो तर सुतळीची गाठ उलट्या बाजूला. मी नेहमी उजव्या हाताला गाठ मारतो. वाऱ्याने फिरली असणार.

११ सप्टेंबर
घरात कुजबुज चालू आहे. मी खोलीत शिरलो की ही फोनवर बोलायची थांबते, किंवा एकदम हवापाण्यावर येते. परवा ‘त्यांना अजिबात कळू न देता’ एवढं कानावर पडलं.

बराच विचार करून छडा लावला. पुस्तक-प्रकाशनाचा समारंभ! लेक, मेहुणी, ही, सगळ्या सामील. मला सरप्राइज द्यायचा बेत दिसतोय. आपल्याला काही कळलेलं नाही असंच दाखवायचं. भाषणाचे मुद्दे काढायला घेतले.

१५ ऑक्टोबर
गावातल्या सगळ्या झाडांवर पानं आहेत, आमच्यावर नाहीत. आमचं झाड वक्तशीर, बाकीची आळशी.

खोडावर गोणपाटाच्या वरच्या बाजूला बुरशी आलीय. कानाच्या पाळीसारखी, एकीखाली एक तीन. घराच्या दिशेला. जाता-येता वाटतं की काहीतरी ऐकतायत. रोज सकाळी एक सुतारपक्षी येऊन ठोकत बसतो. ठोकण्याचा आवाज आधी टणक होता, आता पोकळ येतो. पक्षी बदलला असेल.

लेखन: अर्पणपत्रिका लिहिली. ‘जो कोणी येईल त्यास’ एवढंच. बाकी जागा शाईने खाल्ली.

७ डिसेंबर
वारा सुटला की झाड करकरतं. आधी करकरत नव्हतं. लेकीच्या खोलीच्या खिडकीला एक फांदी टेकायला लागलीय. उन्हाळ्यात तिच्यात आणि काचेत हातभर अंतर होतं, मला नक्की आठवतं.

म्हणजे झाड वाढतंय. वाढतंय म्हणजे जिवंत आहे. हे लक्षात आल्यावर फार हायसं वाटलं. हिला लगेच जाऊन सांगितलं. हिने हातातलं विणकाम खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि मग पुन्हा उचललं. लहानसं टोपडं विणते आहे.

१९ जानेवारी
आज गोणपाट सोडून बघितलं.

लाकूड काळं पडलंय. मऊ. बोट लावलं तर आत गेलं. दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. बाहेर काढलं तेव्हा बोटाला वास येत होता, ओल्या तळघराचा. पुन्हा गोणपाट बांधलं. हात तीनदा धुतले.

उद्या हिला सांगायचं. नक्की.

२० जानेवारी
हिचं डोकं दुखत होतं.

२ फेब्रुवारी
आज एक जुनी केस आठवली, का कोण जाणे. एका गृहस्थाच्या घराची भिंत पडली होती. पाहणीला गेलो तर भिंतीला जुना तडा, आणि तड्यावर नीट वॉलपेपर लावलेला, फुलाफुलांचा. भिंतीपलीकडे मुलं झोपायची. मुलं वाचली होती. तो गृहस्थ सारखा सांगत होता की वारा फार होता. मी रिपोर्टच्या शेवटी एकच ओळ लिहिली: मालकाला माहीत होतं. दावा फेटाळला गेला. साहेबांनी त्या ओळीचं कौतुक केलं होतं.

पुस्तकात घालायला हवी ही केस. की नको.

बाथरूमच्या नळाचं काम डोक्यात आहे. या आठवड्यात करूनच टाकतो.

२४ फेब्रुवारी
लेक आली. पोट सांभाळत जिना चढली आणि आधी खिडकीपाशी जाऊन झाडाला हॅलो म्हणाली. लहानपणीही असंच करायची.

जेवताना मी सहज म्हणालो की पाळणा बैठकीत ठेवला तर? हवा खेळती असते. लेक म्हणाली की बाबा, काहीतरीच, बैठकीत टीव्ही, येणारे-जाणारे, माझी खोली काय वाईट आहे? ही जेवायची थांबली. घास हातात तसाच. माझ्याकडे बघत होती, मी पुढे काहीतरी बोलेन असं वाटल्यासारखी. 

मी म्हणालो की आमटी गार होतेय.

१३ मार्च
नात झाली! सगळं सुखरूप. मूठ इतकीशी, आणि माझं बोट सोडेना. तेच बोट. मी ते हळूच सोडवून घेतलं आणि दुसरं दिलं.

नातीसाठी मी काहीही करेन. आजच्या आज लिहायला बसायचं.

१९ मार्च
बसलो. पान गुंडाळलं गेलं.

२३ मार्च
नात लेकीच्या खोलीत, पाळण्यात. दिवसभर फांदी काचेवर घासते. लेक म्हणते की झाड बाळाशी बोलतं. मी त्या खोलीत जास्त जात नाही. आपल्यामुळे बाळाला सर्दी-बिर्दी व्हायला नको.

बागेतल्या भूर्जांना कोंब आले. आमच्याला नाहीत. उशिरा फुटणारी जात असावी.

संकल्प: मी हिला सांगणार. एकच वाक्य आहे, त्यात अवघड काय? सालीचा एक तुकडा घेऊन लिहूनही बघितलं, म्हणजे बोलताना चुकायला नको. शाई फुटली. वाचताच येईना.

३० मार्च
एक गंमत. नात रडली की आवाज वरून न येता जिन्याखालच्या शिवणाच्या खोलीतून आल्यासारखा वाटतो. जुन्या घरांत आवाज असाच फिरतो. भिंती पोकळ असतात.

ही परत फोनवर. ‘सोमवारी या, माणसं जास्त आणा’ असं काहीसं. म्हणजे समारंभ सोमवारी! जास्त माणसं! आणि माझं लिहून झालंय पुस्तकाचं नाव नि एक अर्पणपत्रिका. काळजाचं पाणी झालं. पण वेळ पडलीच तर म्हणता येईल की हस्तलिखित नाजूक आहे, उलगडून दाखवता येत नाही. ते खोटंही नाही.

४ एप्रिल, सकाळ
गार पाऊस. वारा. झाड करकरत नाहीये आज. त्याऐवजी मधूनच एक टक् असा आवाज येतो, बोटं मोडल्यासारखा.

आज जेवताना सांगणार. सगळ्यांसमोर. मग पाळणा मी स्वतः उचलून खाली आणणार. ठरलं म्हणजे ठरलं.

४ एप्रिल, दुपार
जेवताना मेहुणीचा विषय निघाला, मग औषधांचा. नंतर लेकीला झोप आली. चार वाजता चहाला सांगतो.

४ एप्रिल, पाच वाजून गेले
पडलं.

आवाज मोठा नव्हता. आधी एक लांब श्वास सोडल्यासारखं काहीतरी, मग काचा. मी जिना कसा चढलो ते माहीत नाही. लेकीच्या खोलीचं दार उघडलं तर आत झाड होतं. खिडकीची चौकट पलंगावर आणि एक जाड फांदी आरपार, नेमकी जिथे पाळणा असतो तिथे जमिनीत घुसलेली. मी फांदी उचलायला लागलो. हाताने पाळणा शोधत होतो. तिचं नाव अजून ठेवलेलं नाही, त्यामुळे हाक काय मारावी तेही कळेना. मी नुसताच ओरडत होतो.

मागून हिने खांद्यावर हात ठेवला. म्हणाली की बाळ खाली आहे, शिवणाच्या खोलीत. दहा दिवसांपासून तिथेच झोपते. लेकही.

मी म्हणालो, मला कुणी सांगितलं नाही.

ही म्हणाली की तुम्ही तरी कुठे सांगितलंत?

५ एप्रिल
वीज नाही. तारा झाडाखाली आहेत. हीटर बंद, वरच्या खोलीला खिडकी नाही, सगळं घर गार. बैठकीतली लाकडाची शेगडी किती वर्षांनी पेटवायला काढली. लाकूड ओलं. वर्तमानपत्रं जळून जायची आणि लाकूड तसंच. नातीचे ओठ जरा निळसर दिसत होते. लेक तिला पदराखाली घेऊन बसलेली, माझ्याकडे बघत नव्हती.

ही म्हणाली की ती साल आणा.

सगळी आणली. सलग पान, अर्पणपत्रिका, ‘पाहणी’, न वाचता येणारा तो तुकडा. शेगडीत घालताना पहिल्यांदाच पान गुंडाळलं गेलं तरी चाललं. एका काडीत धडाडून पेटलं. पुस्तकात लिहिलंय तसंच. लाकडानेही लगेच धरलं. थोड्या वेळाने बाळाच्या तळव्यांना रंग आला, मग ती भुकेने रडली, आणि सगळ्यांना रडण्याचा केवढा आनंद झाला.

तेव्हा लेकीने विचारलं की बाबा, त्यावर काही लिहिलं होतं का? तुमची तीन प्रकरणं?

नाही, म्हणालो. काही नव्हतं.

हिला सप्टेंबरातच कळलं होतं. बहिणीने गोणपाट सोडून दाखवलं. ते झाड वाचणार नाही हे तिने तेव्हाच सांगितलं. मग तेव्हाच तोडून का नाही टाकलंस, असं मी विचारलं. ही म्हणाली की वाट बघत होते. रोज वाटायचं, आज सांगतील. झाड तर गेलंच होतं, म्हणाली, म्हटलं निदान एवढं तरी. मग बाळ आलं आणि वाट बघायची सोय उरली नाही. तेव्हा पाळणा हलवला, आणि झाड तोडणाऱ्यांना फोन केला. मिळाला तो पहिला वार सोमवार. आज शनिवार आहे.

बुंध्यापाशी जाऊन आलो. बरोबर पट्ट्यावर मोडलंय, वरच्या चिरेपासून खालच्या चिरेपर्यंत. बाकीचं लाकूड चांगलं आहे. मास्तर कुंपणापाशी उभे होते. म्हणाले की काल वारा फार होता हो.

मी हो म्हणणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. मग मी सांगितलं की वारा नव्हे. मालकाला माहीत होतं.

त्यांना काही कळलं नाही. मान हलवून आत गेले.

संध्याकाळ
घरात कुणी माझ्याशी वाईट बोलत नाही. चहा मिळाला. त्यानेच जास्त कसंतरी होतंय.

नवीन संकल्प नाहीत. फक्त एक, तोही जुना: निदान बाथरूमचा नळ. पान्हा शोधून काढला, बाही वर केली, जाऊन बघतो तर नळ गळतच नव्हता. कोरडा ठणठणीत. हिला विचारलं.

म्हणाली की तो होय, नोव्हेंबरातच प्लंबर येऊन गेला.